वासूने दाखवलेली जागा

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी चहा गाळत होतो. वासूच्या बायकोचा, सुमावैनीचा आवाज. "भावजी, बेगीन येवा. हे उठनत नाय." बस्स, एवढंच. आमची घरं तारकर्लीत एकाच वाडीत, मधे फक्त एक दगडी गडगा. मी चपलाही न घालता धावलो, पण धावून उपयोग नव्हता… भिंतीकडे तोंड करून झोपला होता, तसाच गेला होता. बुधवारपासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. आता सहा आठवडे होऊन गेले. त्या बुधवारचं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहितोय.

वासू होड्यांच्या इंजिनांचा मेकॅनिक. मी कुडाळच्या शाळेत छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. लहानपणी एका बाकावर होतो. सातवीत त्याने शाळेला रामराम ठोकला आणि मी मास्तर झालो. तेव्हापासून मेला मला 'गुर्जी'च म्हणायचा, आणि तेही असं की ऐकणाऱ्याने हसावं. मी निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा बायको जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी पुण्याला. भिंतींशी बोलायची पाळी आली होती. एक दिवस वासू दारात उभा राहिला आणि त्याने फर्मान काढलं, "गुर्जी, दोघांनी मिळान एक होडी घेवया. नायतर पुस्तकां वाचून वाचून खुळो होतलस." घेतली. फायबरची, लहानशी, आतून निळा रंग दिलेली. तो मागे इंजिनापाशी, मी पुढच्या फळीवर. गरी टाकायची आणि मासे मिळोत न मिळोत, दुपारपर्यंत भांडायचं. त्या सात वर्षांत मला एकटं म्हणून वाटलं नाही.

फिशफाइंडर आणायची खाज माझीच. त्याची स्क्रीन माझ्यासमोर बसवली. राहिला तो ट्रान्सड्यूसर, साबणाच्या वडीएवढा. तो पाण्यात आवाज सोडतो, तळावर आपटून परत आलेला ऐकतो, आणि खाली किती पाणी, कुठे मासे, ते स्क्रीनवर उमटतं. तो बसवायचा कुठे, यावरून आमचं जुंपलं. सोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं, मागे बाहेरच्या अंगाला, पंख्याच्या फेसापासून दूर. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. वासूने पान चघळत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे गुर्जी, तुझ्या पुस्तकातली होडी धक्क्याक लागता. आपली रोज रेवेर ओढूची लागता. भायर कायव लटकत ठेवलस तर पयल्याच दिवशी मोडतला." त्याचं म्हणणं, आतूनच तळाला इपॉक्सीने चिकटवू, फायबरमधून आवाज जातो. बोटाच्या पेराने ठोकत ठोकत त्याने जागाही काढली, स्वतःच्या फळीखाली, जिथे फायबर भरीव वाजत होतं. "मधी जरा वारो रवलो काय सगळा फुकट," एवढीच त्याची अट.

बुधवारी होडी पाण्यात नेऊन करून बघितलं. वासूने मागची फळी उचलली, मधे हवा राहू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी घेऊन ती तळावर टेकवली, पाण्यात ट्रान्सड्यूसर बुडवून धरला आणि ओरडला, "किती दाखयता रे?" स्क्रीनवर अकरा फूट होते. ठणठणीत अकरा, तळाची रेघ अगदी स्वच्छ. आणि मी म्हटलं, "काय दिसणा नाय रे. स्क्रीन कोरी."

का म्हटलं? हट्ट, दुसरं काय! प्रयोगवहीत जुळवून लिहिलेले आकडे मी आयुष्यभर लाल शाईने खोडत आलो, आणि सातवी नापास माणूस बरोबर ठरतोय म्हटल्यावर साठी उलटलेला मी शेंबड्या पोरासारखा खोटं बोललो. त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. मग त्याने पिशवीतलं पाणी ओतून टाकलं, फळी लावली, हात पुसले. "मगे तुझा तू बघ." आणि गेला.

गुरुवारी मी मागच्या बाजूला दोन भोकं पाडून ट्रान्सड्यूसर पट्टीने बाहेरून बसवला. वासू फिरकला नाही. म्हटलं, रागावलाय तर रागावू दे, रविवारी येईल झक मारत… रविवारी फोन आला.

महिनाभर होडीकडे जाववलं नाही. मग एकटाच गेलो. परत आल्यावर चौघांनी हात लावून होडी वाळूवर ओढली आणि मागे कडाड् वाजलं. पट्टी मोडून दोन तुकडे, ट्रान्सड्यूसर वायरला लोंबकळतोय. "मियां सांगललंय मां?" असं कुणी म्हणेल म्हणून मी थांबलो. ओढणारे हात झटकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी इपॉक्सी आणि पॉलिश पेपर घेऊन गेलो. रंग घासून काढल्याशिवाय इपॉक्सी धरत नाही. मागची फळी उचलली. रंग आधीच घासलेला होता. तळहाताएवढी जागा, निळ्यातून पांढरी काढलेली, एकसारखी सपाट. शेजारी चौघडी केलेला पॉलिश पेपर, त्यावर निळी पूड. बुधवारी तिथला रंग शाबूत होता, मी डोळ्यांनी पाहिला होता. म्हणजे त्यानंतर वासू एकटा येऊन, गुडघ्यांवर बसून हे करून गेला होता. माझ्यावर त्याने विश्वास ठेवलाच नव्हता. बुधवारी होडीखाली पाणी किती होतं हे त्याला ठाऊक होतं, आणि मी कसा आहे हेही. माझा हट्ट उतरेपर्यंत जागा तयार असावी, एवढंच त्याने पाहिलं.

स्मशानात माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिथे, होडीच्या तळाशी बसून, मी ढसाढसा रडलो. "खोटा सांगलंय रे तुका," असं मोठ्याने म्हटलंही. पण आता कुणाला?

ट्रान्सड्यूसर त्याच जागी चिकटवलाय, छान चालतो. इंजिन आता मलाच धरावं लागतं, म्हणून मी मागे बसतो, त्याच फळीवर. तिथून स्क्रीनवरचा आकडा मला वाचता येत नाही. तो पुढे बसलेल्याने सांगायचा असतो. स्क्रीन मागे आणून लावायला हवी, दोन स्क्रूंचं तर काम. अजून लावलेली नाही.