बसतो, पण लावू नये
परवा ड्रॉवर आवरताना एक जुना अडॅप्टर हाती लागला. त्यावरची चिकटपट्टी पिवळी पडली होती, आणि मला नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावातलं आमचं पहिलं घर आठवलं. तेव्हा सासरे पुण्याहून आले होते, सोबत इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन. राणीच्या दिवशी, म्हणजे तिच्या वाढदिवसाच्या सुट्टीला, रस्त्यावर भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून नवऱ्याने पोळ्यांच्या डब्याएवढा कॉम्प्युटर आणला, पण त्याचा अडॅप्टर नव्हता. "हा बघ, माझ्या तानपुऱ्याचा. बाराच व्होल्ट, आणि बसतोय पण छान," म्हणत सासऱ्यांनी बारीक पिन कॉम्प्युटरमध्ये खुपसलीसुद्धा. इथल्या सॉकेटला बटण नसतं, प्लग घातला की वीज आलीच. ते प्लग भिंतीत घालणार, तोच "बाबा, थांबा!" म्हणत मी त्यांचा हात धरला. कॉम्प्युटरवरच्या पिनेच्या चिमुकल्या चित्रात मधोमध अधिक होतं, अडॅप्टरवरच्या चित्रात उणे. त्यांना पटेना, म्हणून पिन बाहेर काढून अडॅप्टर भिंतीत लावला आणि पिनेला व्होल्ट मोजायचा मीटर लावून दाखवला, तर बाराच्या आधी उण्याची रेघ. ते चष्मा सरकवून बघत राहिले. "पण लावलाच, तर काय होईल गं?" "वीज उलटी जाऊन कॉम्प्युटर जळेल, बाबा." "लगेच, की हळूहळू?" मी अडॅप्टरवर चिकटपट्टी लावली. मग त्यांनीच तिच्यावर लिहिलं, 'बसतो, पण लावू नये.' आता सासरे नाहीत. त्यांच्यानंतर जन्मलेल्या माझ्या मुलीला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी तिला ते वाचून दाखवलं. "लावला तर?" तिने डचमध्ये विचारलं. जळेल, मी म्हटलं. अडॅप्टर उलटासुलटा करत ती म्हणाली, "लगेच, की हळूहळू?"