हळदीच्या खुणा आणि सुटलेला झेल

आमच्या हिच्या मामांइतका पडेल माणसाचा कैवारी उभ्या कृष्णाकाठावर झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. कारण त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चष्मा तंबूत विसरून क्षेत्ररक्षणाला उतरलो होतो, हातून निसटलेला झेल कपाळावर आपटून सीमेपार गेला होता आणि सगळं मैदान पोट धरून हसत होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याच्या आमच्या कचेरीचा संघ सांगलीला खेळायला आला होता आणि दुसऱ्या दिवशी तिथंच माझा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता. मुलीचे वडील नेमके सामन्याला हजर. माझ्या कपाळावर टेंगूळ आलं, तसा त्यांच्या तोंडावर नकार आला.

मामा हळदीचे दलाल. पण जीव सगळा सीमारेषेवर. फलंदाजाच्या धावा मोजतात, गोलंदाजाचे बळी मोजतात आणि उन्हात लांब उभ्या असलेल्या गड्याचे मात्र सुटलेले झेल तेवढे मोजतात, हा त्यांना जगातला सर्वांत मोठा अन्याय वाटे. "जो चेंडूपातूर जातच न्हाई, त्याच्या हातनं सुटणार काय, कपाळ? खांबाच्या हातनं कवा झेल सुटलाय व्हय? मग घ्या की संघात खांब!" उंच उडालेल्या प्रत्येक चेंडूला मामा एकच सवाल विचारत : ह्यो धा जणांतल्या कितींनी धरला असता? सगळ्यांनीच धरला असता, तर धरणाऱ्याला शाबासकी नाही आणि सोडणाऱ्याला क्षमा नाही. एखाद्यानंच धरला असता, तर सोडणाऱ्याच्याही पाठीवर थाप. हाच न्याय ते लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना लावत. ज्याच्या हातून कढी सांडली नाही, तो शेवटच्या पानापर्यंत गेलेलाच नाही, असं म्हणून अंगरखा पिवळा करून घेतलेल्या वाढप्याला ते जवळ बोलावून पेढा भरवत.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कोण कुठून कुठवर धावतो हे कळावं म्हणून मामांनी मैदानभर हळदीच्या ढिगल्या घालून ठेवल्या. आमचा कप्तान परत आला आणि जागीच थिजला. "आवं, करणी केलीया!" मामा धावत आले. "करणी न्हाई रं गड्या, हिशेब हाय!" हे ऐकून तर तो आणखीच घाबरला. खेळ कसाबसा सुरू झाला, पण एकही जण ढिगलीच्या आसपास फिरकेना. प्रवासभर आघाडीवरच्या शौर्यकथा सांगणारे आमचे माजी सुभेदार पिवळा ठिपका दिसला, की देवीसमोर उभं राहावं तसे हात जोडून थांबत. तेवढ्यात चेंडू उडाला तो थेट त्यांच्या डोक्यावर. ते हलेनात. मी पार पलीकडून, वाटेतल्या सगळ्या ढिगल्या तुडवत धावलो आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

संध्याकाळी मामा मुलीच्या घरी मेहुण्यांसमोर बसले. "दाजी, झेल सुटला ह्ये समद्यांनी बघितलं. पोरगं कुठनं आलं ह्ये कुणी बघितलं? पायाला हळद बघितली का त्याच्या? दुसऱ्याचा चेंडू आपला म्हणून धावणारा जावई गावंल का तुमास्नी?" दाजी विरघळले. लग्न झालं. चष्म्याअभावी मला हळद दिसलीच नव्हती, हे मी कुणाला सांगितलं नाही. लागलेली हळद कोण पुसतो?

पुढं बऱ्याच वर्षांनी मामा मिरजेच्या दवाखान्यात होते. आम्ही सांगलीच्या विश्रामबागेत सासुरवाडीला उतरलो होतो. त्यांना घरचा चहा हवा, असा निरोप आला. ही रिक्षानं पुढं गेली. मागून मी चहाचा थर्मास घेऊन निघालो, बस चुकली, सायकल दामटली आणि त्यांच्या खाटेपाशी पोचताक्षणी थर्मास हातातून निसटून फुटला. खोलीभर चहा झाला. मामांनी डोळे किलकिले केले. "कशावर आला?"

"सायकलवर, मामा."

"इश्रामबागंतनं? ह्या उन्हात?" ते हसले. "मग लय भारी सोडला."

त्याच आठवड्यात मामा गेले.

त्यांचे दिवस उरकून आम्ही साताऱ्याला परतलो, तेव्हा दारात कुलूप काढताना माझ्या हातून किल्ली पडली. हिनं ती उचलली, पदराला पुसली आणि म्हणाली, "यापुढं जरा सांभाळून हं. आता तुम्ही काही पाडलंत, तर मला नुसतं रागवावंच लागणार."