सासूबाईंचा बसका डाव

सासूबाई जळगावहून सिल्वासातल्या टोकरखाड्याला आमच्याकडे महिनाभर राहायला आल्या, तेव्हा त्यांना बुद्धिबळ येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी इथल्याच धाग्याच्या कारखान्यात इंजिनिअर. बायकोला बँकेतून यायला उशीर व्हायचा आणि तोवर घरात आम्ही दोघंच. काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही. एका संध्याकाळी कपाटावरचा पट पाहून त्यांनी विचारलं, खेळता का म्हणून. मी त्यांना शिकवायच्या तयारीनंच बसलो.

पांढरे मोहरे माझ्याकडे होते. मी मधली प्यादी ऐटीत पुढे काढली. त्यांनी काहीच केलं नाही, निदान मला तसं वाटलं. हे प्यादं एक घर, ते प्यादं एक घर. दोन्ही उंट दोन बाजूंना तिरपे बसवले, घोडे आत दडवले. पहिल्या तीन ओळींच्या बाहेर एकही मोहरा नाही. बिचाऱ्या घाबरल्यात, असं समजून मी प्यादी आणखी रेटली. मारामारी झाली, मधली घरं मोकळी झाली आणि त्यांचे उंट एकदम जागे झाले. आधी माझा हत्ती गेला, मग वजीर.

"जावईबापू, चहा टाकू का?" त्यांनी विचारलं.

पुढचे काही दिवस हेच चाललं. मी डावीकडून चाल करून गेलो, उजवीकडून गेलो, चहा ठरलेलाच. बायकोला विचारलं तर ती हसत सुटली. म्हणाली, याच डावापायी मामा लोकांनी आईशी खेळणं सोडलं होतं.

शेवटी एका दुपारी कॅन्टीनमध्ये जेवताना मोबाईलवर तीच मांडणी लावून बघत बसलो. तिच्यात वाईट असं काही नव्हतंच. वाईट होती ती माझी घाई. कारखान्यात एखादं मशीन थांबलेलं दिसलं की माझा जीव खालीवर होतो, तसंच पटावर होत होतं. समोरचा काही करत नाही, तर आपण केलंच पाहिजे. सासूबाई नेमक्या त्याचीच वाट बघायच्या.

रविवारी सकाळी पुन्हा बसलो. मधली प्यादी पुढे काढली आणि तिथेच थांबवली. किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग करून, राजा सुरक्षित केला. मग उंट आणि वजीर एका रेषेत लावून त्यांच्या हत्तीपुढच्या प्याद्यावर रोखले. आता किल्लेकोटासाठी तो हत्ती हलला की प्यादं पडणार होतं, त्यामुळे त्यांचा राजा मधेच अडकला. माझे दोन्ही हत्ती मी राजासमोरच्या पट्ट्यांत आणून ठेवले. आणि कडेचं एक प्यादं एकच घर सरकवलं.

"हे कशासाठी?" सासूबाईंनी चष्मा वर केला.

"काही नाही. तुमची खेळी."

त्यांनीही एक बारीकशी खेळी केली. मीही केली. हात शिवशिवत होता, तो मांडीखाली दाबून बसलो. हळूहळू त्यांच्या बिनधोक खेळ्या संपल्या, आणि बराच विचार करून त्यांनी स्वतःच मधलं प्यादं पुढे ढकललं. मी ते मारलं. या वेळी मधली वाट उघडली ती त्यांच्या राजासमोर. हत्ती आत शिरले आणि थोड्याच वेळात त्यांनी राजा आडवा केला.

वाईट वाटलं असेल म्हणून मी काहीतरी बोलणार होतो, तर त्या स्वयंपाकघराकडे वळून लेकीला म्हणाल्या, "तुझा नवरा आता खेळायला लागला गं. आजवर मी आपली वेळ काढत होते."

मग त्यांनी पट फिरवला आणि पांढरे मोहरे आपल्याकडे घेतले. तो डाव मी हरलो. जेवणं फार उशिरा झाली आणि बायको आम्हा दोघांवरही चिडली.