रेनकोटची पँट आणि औलीचा उतार

करुणा मखरे बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत दुधाचं फॅट तपासायची. वय तेहतीस. लग्न केलेलं नव्हतं आणि घरच्यांनी तो विषय काढणं आता सोडून दिलं होतं. आठवडाभर ती बारामतीत खोली करून राहायची आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं इंदापूरला आईकडं जायची. धाकटा भाऊ बुद्धघोष तिथं शाळेत शिक्षक होता. त्याचं शिक्षण, त्याचं लग्न, घरावरचा स्लॅब हे सगळं करुणाच्या नोकरीवर हळूहळू उभं राहिलं होतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण स्वतःसाठी म्हणून काय केलं, असं कुणी विचारलं असतं तर तिला आठवावं लागलं असतं.

१९९५च्या नोव्हेंबरात जेवणाच्या सुट्टीत पेपर चाळताना तिला एक छोटी बातमी दिसली. पुण्याची एक गिर्यारोहण संस्था फेब्रुवारीत औलीला नवशिक्यांना स्कीइंग शिकवायला नेणार होती. औली म्हणजे गढवालात, जोशीमठाच्या वर. करुणानं बातमी दोनदा वाचली, डबा धुतला आणि फाटकासमोरच्या एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. घरी सांगितलं ते नाव नोंदवून झाल्यावर.

"येवढ्या लांब जाऊन करायचं काय तितं?" आई, केसरबाईनं विचारलं.

"पायाला लांब पट्ट्या बांधायच्या आणि बर्फावरून घसरायचं."

"आन् पडली मंजी?"

"आधी पडायलाच शिकवतात म्हणे."

केसरबाईनं सुनेकडं पाहिलं. बुद्धघोष म्हणाला, "ताई, पण याचा उपयोग काय?"

"काहीच नाही," करुणा म्हणाली. जेवणं झाली आणि विषय तिथंच राहिला.

पुण्याच्या गटाच्या प्रमुख विजयमाला नावाच्या बाई होत्या. फोनवर त्या मोजकंच बोलायच्या. "स्की, बूट, काठ्या तिथं भाड्यानं मिळतात. विकत घ्यायचं मनातसुद्धा आणू नका. अंगावरचं मात्र स्वतःचं हवं. सुती कपडा एकही नको, घामानं ओला झाला की वाळत नाही. आत लोकरीचं, त्यावर स्वेटर आणि सगळ्यावर पाणी आत न शिरणारं काहीतरी."

"ते काहीतरी पुण्यात मिळेल?"

"मिळेल, पण तुमचे दोन पगार जातील. त्यापेक्षा डोकं चालवा."

करुणानं डोकं चालवायला सुरुवात केली. स्वेटर तिनं पुण्यात रस्त्याकडेला बसणाऱ्या तिबेटी बायकांकडून घेतला. जाड वाटला म्हणून नव्हे, तर बाह्या मनगटाच्या खाली येत होत्या म्हणून. धुळीतून मोटारसायकलवर कामाला येणारे लोक रबरी पट्ट्याचा काळा गॉगल लावायचे, तसला एक तिनं बारामतीच्या पेठेत शोधला. रेनकोटची पँट मागितली तेव्हा दुकानदारानं आधी बाहेरच्या कोरड्या ठणठणीत उन्हाकडं बघितलं आणि मग शिडी लावून माळ्यावरून गठ्ठा काढला. बाहेरून चकचकीत, आतून जाड कापडाची अशी एक पँट तिला ढगळ बसली. तीच तिनं घेतली, आत दोन कपडे मावले पाहिजेत म्हणून. इंदापूरला वहिनीनं, रोहिणीनं, तिच्या पायांच्या तोंडाशी इलॅस्टिक घालून दिलं आणि गुडघ्यांना आतून जुन्या ब्लँकेटचे तुकडे लावले.

"बसायच्या जागीपण लावू का, वन्सं?" रोहिणीनं हसू दाबत विचारलं.

"लाव. तिथंच जास्त लागणार आहे."

पाय तयार करणंही गरजेचं होतं. गुडघे वाकवून उभं राहायची सवय करा, असं विजयमालाबाईंनी सांगितलं होतं. प्रयोगशाळेत दुधाच्या नळ्या यंत्रात घालून फिरवाव्या लागत. यंत्र फिरायचं थांबेपर्यंत करुणा भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीत बसल्यासारखी, पण खुर्चीशिवाय बसून राहायची. पहिल्या आठवड्यात मांड्या थरथरायच्या. नंतर ती त्याच अवस्थेत रिपोर्ट लिहायला लागली.

असं बसलेली असतानाच कोल्ड स्टोअरचे हिंदुराव आत आले. कोऱ्हाळ्याचे, पन्नाशीचे गृहस्थ. लोण्याच्या गोदामात शून्याच्या कितीतरी खाली त्यांची निम्मी नोकरी गेली होती.

"मॅडम, काय झालं? चक्कर आली का?"

करुणानं सगळं सांगितलं. हिंदुरावांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "मग पुण्याला कशाला इचारता? आपल्याकडं हाय की थंडी! घाला ती कापडं आन् चला आत."

सुपरवायझरची परवानगी काढून दुसऱ्या दिवशी ती सगळा सरंजाम चढवून लोण्याच्या खोक्यांमध्ये उभी राहिली. तिथं उठाबशा काढल्या, दोन खोकी इकडची तिकडं केली. अंगाला थंडी वाजली नाही, पण पायांची बोटं बधिर झाली.

"मोजं किती घातल्यात?"

"तीन."

"काढा दोन. पाय आवळला की गारठतो. एकच घाला, पर लोकरीचा."

ते खरं निघालं. हातमोज्यांबद्दलही त्यांनी सांगितलं, की लोकरीच्या मोज्यांवर डेअरीतले रबरी मोजे चढवायचे, म्हणजे वारा शिरत नाही. गोदामात तेही उत्तम चाललं. करुणाला वाटलं, आता तयारी झाली.

दौंडला पहाटे पुण्याच्या गटाची गाडी पकडून दिल्ली, तिथून बसनं ऋषिकेश, मग दिवसभर नदीच्या कडेकडेनं जोशीमठ. रोपवेनं वर पोचल्यावर गटातले सगळे ओरडत बाहेर पळाले. करुणा दारातच उभी राहिली. समोर डोंगरच्या डोंगर पांढरे होते आणि गटाचं ओरडणं त्यात कुठल्या कुठं विरत होतं. तिनं खाली वाकून मूठभर बर्फ उचलला, गॉगल कपाळावर सरकवून पाहिला, आणि तो वितळेपर्यंत तशीच राहिली.

शिकवायला नेगी नावाचे तिथलेच एक तरुण होते. भाड्याचे बूट एवढे जड आणि ताठ होते की ते घालून चालताना सगळेच नुकत्याच पाऊल टाकायला लागलेल्या पोरांसारखे दिसत होते. पहिला दिवस पडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी करुणाचे हात दगा देऊ लागले. रबराच्या आत घाम साचला, लोकर भिजली आणि बोटं अशी दुखू लागली की डोळ्यांत पाणी आलं. लोण्याच्या गोदामात ती जेमतेम अर्धा तास होती. इथं दिवस काढायचा होता. नेगींनी ते मोजे काढायला लावले आणि स्वतःचे जुने कातडी मोजे दिले.

खरी फजिती पँटनं केली. बाकीचे पडले की जिथल्या तिथं थांबत. करुणा पडली की थांबायचीच नाही. चकचकीत रेनकोटवर बसून ती सरळ उताराच्या तळापर्यंत जायची, काठ्या एकीकडं, टोपी दुसरीकडं. तिसऱ्या दिवशी ती अशीच घसरत गेली आणि खाली चहा पीत उभ्या असलेल्या दिल्लीच्या घोळक्यात शिरली. दोघंजण तिच्यावर पडले, चहा सांडला. लाल सूट घातलेली एक बाई हिंदीत म्हणाली, "ढंग के कपड़े नहीं ला सकती थीं?"

करुणानं माफी मागितली, सामान गोळा केलं आणि पुन्हा वर चढायला लागली. पण दुपारी तिनं सांगितलं की गुडघा दुखतोय आणि ती खोलीत जाऊन बसली. गुडघा दुखत नव्हता. भावाचा प्रश्न तिला पहिल्यांदाच बोचला.

विजयमालाबाई चहा घेऊन आल्या. पलंगावर पडलेली पँट त्यांनी हातात घेतली, आतला भाग चोळून पाहिला.

"ही कापडाची बाजू तर खरखरीत आहे."

करुणानं हात लावून पाहिलं. मग उठली, रोहिणीनं लावलेले ब्लँकेटचे तुकडे उसवले आणि पँट उलटी केली. तुकडे पुन्हा टाचले, पण आता पँटच्या नव्या आतल्या अंगाला. सुईदोरा तिनं इंदापूरहून आणला होताच. उलटी पँट घालून तिनं आरशात पाहिलं. शिवणी बाहेर, मळकट खाकी कापड. दिसायला भयंकर होतं.

सकाळी ती मुद्दाम पडली. दोन हात अंतरावरच थांबली. पुन्हा पडली, पुन्हा थांबली. कापडाला बर्फ चिकटायचा, तो झटकावा लागायचा, पण आत ओल येत नव्हती. "अब आप सीख सकती हैं," नेगी हसून म्हणाले. पडण्याची भीती गेल्यावर शरीर सैल झालं. स्कीची टोकं पुढं जवळ आणायची, मागून फाकवायची, आणि टाचा बाहेर दाबायच्या. मांड्या आता थरथरत नव्हत्या. गटातले अनेक जण पाय दुखतात म्हणून बसून घ्यायचे तेव्हा ती आणखी एक चढ चढायची.

शेवटच्या दिवशी वरच्या उतारावरून एकेकाला सोडलं. करुणा निघाली, पहिलं वळण मोठं झालं, दुसऱ्याला तोल गेला आणि परत सापडला. मग वारा कानाशी वाजायला लागला. खाली येऊन ती आपणहून थांबली, आपल्याला हव्या त्या जागी. लाल सूटवाली बाई जवळच होती. तिनं करुणाच्या पँटकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं, आणि विचारलं, "वह मोड़ कैसे लिया आपने?" करुणानं मोडक्या हिंदीत टाचेचं सांगितलं. दोघींनी मिळून तो उतार आणखी एकदा केला.

इंदापूरला ती उतरली तेव्हा गॉगलची जागा सोडून तोंड काळवंडलं होतं आणि नाकाचं साल निघत होतं. केसरबाईनं तिला उजेडात नेऊन हनुवटी धरली आणि इकडून तिकडून पाहिलं.

"लई लागलं का?"

"न्हाय गं," करुणा आईच्याच बोलीत म्हणाली.

"मग हसतीयास कशाला येवढी?"

करुणा नुसती हसत राहिली आणि केसरबाई तिच्या नाकाला लावायला साय आणायला आत गेली.