आईचा चक्रवाक

माझ्या आईने शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवलं आणि त्यात दरवर्षी न चुकता चक्रवाक शिकवला. दिवसभर जोडीने राहणारं आणि सूर्य मावळला की ताटातूट होऊन नदीच्या दोन काठांवरून रात्रभर एकमेकांना हाका मारणारं ते जोडपं ती वर्गात असं काही उभं करायची की मुलींच्या डोळ्यांत पाणी यायचं. फळ्यावर ती त्याचं चित्रही काढायची. लांब मान, बारीक पाय, रंग पांढराशुभ्र. हे सगळं तिने मनानेच ठरवलेलं होतं, कारण चक्रवाक तिने कधी पाहिलेला नव्हता. तो दर दिवाळीच्या आसपास आमच्या घरापासून तासाभरावर, पैठणच्या धरणाच्या, म्हणजे नाथसागराच्या पाण्यावर येऊन उतरतो, हे तिच्या गावीही नव्हतं.

मलाही ते उशिराच कळलं. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी करते. तिथल्या एका सहकाऱ्याच्या नादाने मला पक्षी बघायचं वेड लागलं आणि एका रविवारी पहिला चक्रवाक दिसला. मी धावत घरी येऊन आईला सांगितलं की तुझा चक्रवाक म्हणजे चांगलं गुबगुबीत, भगवं बदक आहे. आई शांतपणे म्हणाली की माझं काहीतरी चुकतंय, मी दुसरंच काहीतरी बघून आलेय. बाईंशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही, म्हणून मी विषय सोडला.

पुढे तिला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली थेंब घालून टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिला समोरचं नीट दिसायचं, पण कडेचं नाहीसं होत चाललं होतं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. ताटाच्या कडेची चटणी दिसायची नाही, आणि वर आम्हालाच बोलणी बसायची की वाढायला विसरलात. दवाखान्यातून परत येताना रिक्षात तिने थेंबांची चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "तो चक्रवाक काय आहे तो एकदा दाखव मला. दिसतंय तोवर."

मला वाटलं, त्यात काय, रविवारी गाडी काढू. पण ती दुष्काळाची वर्षं होती आणि आमच्या घरात बाबांचं राज्य पाण्यावर चालायचं. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी घरातून कुणी हलायचं नाही, असा बाबांचा हुकूम होता. टाकी, पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवायचे. शहराला पाणी येतं तेही त्याच नाथसागरातून. चक्रवाक ज्या पाण्यात पोहत होता त्याच पाण्याची वाट बघत आम्ही रविवारमागून रविवार नळापाशी घालवले.

शेवटी एकदाचे निघालो. धरणाच्या बांधावर उभे राहिलो तर पाणी लांब गेलेलं आणि त्यावर नुसते ठिपके. जवळच्या डबक्यात मात्र एक बगळा उभा होता. आईला तो दिसला आणि तिचा चेहरा उजळला. हाच तो, म्हणाली, मी म्हटलं नव्हतं? बाबांनी लगेच मान डोलावून हाच, हाच म्हणून टाकलं आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी सांगितलं की तो बगळा आहे. परतीच्या वाटेवर बिडकीन आलं तेव्हा आई बाबांवर घसरली. "मला फसवून खूश ठेवू नका. डोळे जातायत माझे, डोकं नाही."

दुसऱ्या वर्षी पावसाने पुन्हा दगा दिला. पैठण रस्त्याला मात्र भरभराट होती. शेतांचे प्लॉट पडलेले, कमानी उभ्या राहिलेल्या, आणि एका फलकावर निळ्याशार तलावाकाठच्या बंगल्यांचं चित्र. प्रत्यक्षात तलाव इतका मागे सरकला होता की त्याच्या पोटात लोकांनी हरभरा पेरला होता. तिथे खुरपणी करणाऱ्या एका शेतकरीणबाईंनी आम्हाला अडवलं. "पाणी लई मागं गेलंय. आईंना नका नेऊ पुढं, चिखलात रुततील." मग त्यांनी आम्हाला बाभळीखाली बसवून कोरा चहा पाजला.

चहा पिता पिता लांबून आवाज आला. सायकलचा जुना रबरी भोंगा कुणीतरी पुन्हा पुन्हा दाबावा तसा. हे कोण वाजवतंय, असं आईने विचारलं. मी म्हटलं, तोच, तुझा चक्रवाक. "ही विरहाची हाक?" आई म्हणाली, आणि इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला. शाळेत ती हाक ती स्वतः काढून दाखवायची, अगदी कोमल आवाजात. ते आठवून मीही हसले. पण दिसला नाही तो नाहीच, आणि पुढच्या वर्षी तिला काय दिसेल या विचाराने मी गाडी चालवताना धास्तावले होते.

त्या वर्षात तिने संध्याकाळचं बाहेर जाणं सोडलं. भाजी निवडायचं काम माझ्याकडे आलं. चक्रवाकाचं नाव ती काढत नव्हती, आणि तेच मला जास्त लागत होतं.

पुढच्या दिवाळीनंतर त्या शेतकरीणबाईंचा फोन आला. गेल्या वर्षी तिथून निघताना मी त्यांना नंबर देऊन ठेवला होता. "तुमचं ते भगवं बदक आलंय बघा. आमच्या वावराच्या कडंलाच बसतंय जोडीनं. जमीन बी वाळलीय. घेऊन या आईंना." रविवारी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो आणि नेमकं तेव्हाच नळ फुरफुरला. मी कपाळावर हात मारून घेतला. बाबा उठले, नळाकडे बघितलं, टाकीकडे बघितलं. मग शेजारच्या काकूंना किल्ली देऊन आले आणि काठी घेऊन गाडीत जाऊन बसले. माझ्या आठवणीत पाण्याच्या दिवशी त्यांनी घर सोडलेलं ते पहिलंच.

जोडी खरोखरच जवळ होती, पाण्याच्या अगदी कडेला. मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. आईच्या हातात माझी दुर्बीण दिली, पण तिला काही केल्या पक्षी सापडेना. कधी आभाळ दिसे, कधी चिखल. मी डावीकडे, खाली, अगं इतकं नाही, असं करत राहिले आणि माझा आवाज चढत गेला. तीही चिडली. नाही दिसत तर नाही दिसत, म्हणाली, चला घरी.

बाबांची सारी नोकरी जमिनीच्या मोजणी खात्यात गेली. त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. काठी जमिनीत खोलवर रोवली, रुमालाने दुर्बीण काठीच्या मुठीवर घट्ट बांधली आणि एखाद्या भाऊबंदकीच्या वादातल्या बांधाची खूण धरावी तशी ती निगुतीने जोडीवर धरली. शेतकरीणबाईंनी घमेलं पालथं घालून दिलं. आई त्यावर बसली.

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "फक्त डोळे लाव."

आईने डोळे लावले.

"भगवा आहे गं," ती हळूच म्हणाली. "डोकं फिकट आहे. आणि चांगला जाड आहे की! एक झोपलाय, दुसरा पहारा देतोय."

डोळे न काढताच तिने मला विचारलं की या दुर्बिणीतून मला कडेचं किती दिसतं. मी सांगितलं, कडेचं काहीच नाही, मधला गोल तेवढा, भोवती सगळा काळोख.

"आणि यांना?"

"बाबांनाही तेवढंच. सगळ्यांनाच तेवढंच दिसतं."

"म्हणजे आत्ता मला तुमच्याइतकंच दिसतंय," आई म्हणाली.

ती बघत राहिली, आणि आम्ही आमच्या पाळीची वाट बघत तिच्या मागे उभे राहिलो.