बोटीच्या कागदावरचं नाव

आर्मी मेडिकल कोअरमध्ये मी बावीस वर्षं काढली. हवालदार, नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झालो. २०१५ च्या जानेवारीत ओमानच्या किनाऱ्यासमोरच्या एका लहान बेटावर मेल नर्स म्हणून रुजू झालो. तिथे जेट्टीचं काम चालू होतं. बेटावर कंत्राटदाराचा कॅम्प, एक मशीद, एक दुकान आणि एक बोट. डॉक्टर पलीकडे, किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात.

बेटावर इंग्रजांच्या जुन्या धावपट्टीच्या वेळच्या बराकी होत्या. टेकाडावरच्या बराकींना वरची लाईन म्हणत, तिथे साहेबलोक राहत. खालच्या लाईनीत मजूर, एका खोलीत आठ. इंग्रज जाऊन जमाना झाला, लाईन तशीच होती. अर्बाब, म्हणजे कंपनीचा ओमानी मालक, मस्कतजवळ बौशरला राहायचा, तो बेटावर कधी आला नाही. कॅम्प मॅनेजर मुंबईचा, मराठी. जेवण, पाणी, बोट, रजा, सगळं त्याच्या सहीने. आमचे आजे ज्याला कंपनी सरकार म्हणत, ते मी तिथे पाहिलं.

फेब्रुवारीत खालच्या लाईनीत कांजिण्या आल्या. लहानपणी येऊन गेल्या तर त्रास कमी, मोठेपणी आल्या तर छातीत उतरू शकतात. मी लष्करात शिकलो होतो तेच केलं. सकाळी सहाला सिक परेड. ज्याला ताप किंवा फोड, त्याने यायचं. एक पोर्टा केबिन वेगळी केली. खपल्या धरेपर्यंत आत. औषध, उकळलेलं पाणी, नखं कापणं. रोजची यादी टाईप करून ऑफिसला. ऑफिसच्या क्लार्कने पासपोर्ट नंबरचा रकाना मागितला. फॉर्मॅलिटी, म्हणाला. मी रकाना घातला. युनिटमध्ये आजाऱ्यांची यादी वर जाते ती औषधासाठी. दुसरं काही मनात आलं नाही.

आठवड्याभरात यादीतल्या तिघांना एक्झिट लागला, म्हणजे व्हिसा रद्द करून घरी पाठवणी. फोड ओले असताना त्यांना बोटीत आणि मग विमानात बसवलं. मी मॅनेजरकडे गेलो. सांगितलं, हा रोग कॅम्पाबाहेर नेणं आहे, आणि यांना दोन वर्षं परत व्हिसा मिळणार नाही. तो म्हणाला, अनफिट माणूस ठेवून काय करू. त्याच आठवड्यात वरच्या लाईनीतल्या एका इंजिनिअरलाही कांजिण्या आल्या. त्याला मस्कतला हॉस्पिटल आणि पगारी रजा मिळाली. रोग एकच होता.

दुसऱ्या दिवशी सिक परेडला कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. यादी कोरी गेली. मॅनेजरने शेरा मारला, गुड कंट्रोल. खालच्या लाईनीत म्हण झाली होती, हवालदाराची यादी म्हणजे मुंबईचं तिकीट. ती म्हण बशीर परकारची. दाभोळचा वेल्डर, वय अडतीस, बिडीचा शौकीन. मला पाहिलं की मेसमध्ये हात वर करून ओरडायचा, मी फिट हाय, माझा नाव लिवू नका. सगळे हसायचे, मीही.

मशिदीजवळ एक कडुनिंब होता. शुक्रवारी नमाजानंतर तिथून जाताना पाहिलं, हाताला लागतील त्या सगळ्या फांद्या ओक्याबोक्या. कांजिण्यांत अंगाखाली कडुनिंबाचा पाला घालतात हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. मी सरळ खालच्या लाईनीत गेलो आणि खोल्या बघायला सुरुवात केली. चौथ्या खोलीत बशीर होता. अंगावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत चादर. तो बसून श्वास घेत होता. पाच दिवस तसाच कामावर गेला होता.

पावणेदोनला त्याला क्लिनिकमध्ये आणलं. ऑक्सिजन ८६. सिलिंडर एकच होता, तो लावला. दोन वाजता रेडिओवर बोललो.

"कंट्रोल, क्लिनिक. एक पेशंट, ऑक्सिजन ८६. बोट हवी, तातडीने. ओव्हर."

"क्लिनिक, नाव आणि पासपोर्ट नंबर द्या. मग बोट. ओव्हर."

"नंबर नंतर देतो. बोट जेट्टीला आहे का?"

"आहे. मॅनेजरसाहेबांची ऑर्डर आहे, कागदाशिवाय हलणार नाही."

बशीरने मास्क बाजूला केला. "हवालदारसाब, नाव नको. भाऊचा विसा लागायचा हाय माझ्या जोरावर. तवर माका हितंच ऱ्हाव द्या."

सिलिंडरवर ऑक्सिजन ९१ झाला होता. मी स्वतःला सांगितलं, वाढतोय. बिननावाची बोट मिळते का पाहतो. मॅनेजरला दोनदा फोन केला, उचलला नाही. दोन चाळीसला आकडा ८३ वर आला. मी नाव दिलं.

"क्लिनिक, बोट आत्ता नाही. सव्वादोनला वरच्या लाईनीचे तिघं मासे पकडायला गेलेत. ओव्हर."

म्हणजे ८६ चा पेशंट आहे हे कळल्यावर सोडली.

बोट चार दहाला आली. मी बशीरबरोबर चढलो. सिलिंडर वाटेत संपला. चार पस्तीसला तो गेला. किनारा दिसत होता.

शनिवारी सकाळी ऑफिसच्या टेबलावर त्याचा एक्झिटचा कागद तयार होता. मी नाव दिल्याबरोबर टाईप केलेला. डेथ सर्टिफिकेट अजून यायचं होतं.

त्या दिवसापासून मी यादीत नावं लिहिली नाहीत, फक्त खाटेचे नंबर. नंबरावरून माणूस सापडू नये म्हणून दर दोन दिवसांनी खाटा बदलल्या. आधी बशीरच्या खोलीतले आले, मग बाकीचे. एका सकाळी परेडला सतरा जण उभे होते. मॅनेजरने नावं मागितली. मी म्हटलं, ही सिक लिस्ट आहे, एक्झिट लिस्ट नाही. शेवटच्या माणसाची शेवटची खपली पडली त्या संध्याकाळी मलाही एक्झिट लागला. तो मी सही करून घेतला.

मे महिन्यात दाभोळला गेलो. बशीरच्या बायकोने चहा दिला. कंपनीच्या पत्रात नैसर्गिक मृत्यू लिहिलं होतं. तिने विचारलं, "भाऊ, त्यांना झालेलं काय?"

"कांजिण्या."

"कांजिण्यांनी एवढा मोठा माणूस मरतो?"

मी वेळा सांगितल्या. दोनला बोट मागितली. सव्वादोनला बोट गेली. दोन चाळीसला नाव दिलं. चार दहाला बोट आली. नाव न देता घालवलेली चाळीस मिनिटं माझी, तेही सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे दोन तास ते वाट बघत होते."

दोन तास दहा मिनिटं. आयुष्यभर आकडे दुरुस्त करत आलो, तो केला नाही.