चंदेरी रंगाखालचा गंज

हर्सूलच्या शाळेत वहिदाबाई विज्ञान शिकवत. बोलणं मवाळ, पण एकदा डोक्यात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी त्यांनी सातवीच्या पोरींसमोर मिठाच्या पाण्याच्या तीन बाटल्या मांडल्या. एकीत कोरा लोखंडी खिळा, दुसरीत स्टीलचा चमचा, तिसरीत आधीच गंजलेला पण वरून चंदेरी रंग दिलेला खिळा. चार दिवसांत कोरा खिळा तांबडा झाला, चमचा होता तसाच राहिला. तिसराही चमच्यासारखाच चमकत होता, म्हणून पोरी त्याला विसरून गेल्या. सप्टेंबरात बाईंनी तो उचलला, तर बोटांत चुरा आला. पोरी हसल्या. बाईंची नजर मात्र खिडकीबाहेरच्या टाकीकडं गेली.

कारण शाळेच्या पाण्याच्या टाकीचे लोखंडी पाय असेच होते. दर पंधरा ऑगस्टला आणि सतरा सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिदिनाला शिपाई फकिरा त्यांच्यावर चंदेरी हात फिरवायचा. गंज खरवडायला वेळ कुणाला? पाहुण्यांना दिसतं ते चकचकीत असलं म्हणजे झालं! आणि त्याच टाकीखाली, सावली आहे म्हणून, साळूबाई पोरांची खिचडी शिजवायची.

मुख्याध्यापक काकासाहेबांना बाईंनी सांगून पाहिलं. मुक्तिदिन होऊ द्या, मग बघू, म्हणाले.

मुक्तिदिनाच्या सकाळी बाईंनी टाकीच्या पायाला पेचकस टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. काकासाहेबांनी भोक पाहिलं आणि फकिराला रंगाचा डबा आणायला पिटाळलं. बाईंनी संतापून पेचकस तिथंच टाकला.

त्या तशाच साळूबाईकडं गेल्या, चूल हलवा म्हणाल्या. इतके पावसाळे गेले, काय झालं नाय, असं म्हणत ती खिचडी घाटत राहिली. पाहुण्यांसाठी टाकी काठोकाठ भरायची म्हणून तेवढ्यात मोटर सुरू झाली. बाईंनी चुलीशेजारीच बसकण मारली.

"उठा बाई, रंग ओला हाय, साडीला लागंल," साळूबाई म्हणाली.

"आधी तुम्ही उठा."

वर टाकीत पाणी पडू लागलं. शेजारचा पाय बारीक करकरला. साळूबाईचा हात थांबला. तिनं वर पाहिलं, पातेलं तिथंच सोडलं आणि बाईंचा दंड धरून त्यांना ओढतच बाहेर आणलं.

तेवढ्यात झेंडावंदन सुटलं, आणि तहानलेल्या पोरी टाकीखालच्या नळाकडं धावत सुटल्या.